अवधाण, गंडमाळ आणि शरीरातील तपासणी नाके

पावसाळ्यात अनवाणी खेळताना पायाच्या अंगठ्याला ठेच लागते. नख उचकटते, जखमेत माती जाते आणि दुसऱ्या दिवशी अंगठा ठणकू लागतो. इथपर्यंत सारे अपेक्षितच असते. पण तिसऱ्या दिवशी जांघेत एक दुखरी गाठ हाताला लागते आणि पाऊल टाकताना तेथे ताण बसतो. घरातील वडीलधारी माणसे लगेच म्हणतात, "अवधाण आलंय. पायाला काही लागलंय का बघ." त्यांचे हे निदान बहुधा अचूक ठरते.

मित्रांनो, यात विचार करण्यासारखी एक गोष्ट आहे. जखम अंगठ्याला, गाठ मात्र जांघेत. मधल्या पोटरीला आणि मांडीला काहीच झालेले नाही. मग अंगठ्याची बातमी जांघेपर्यंत पोहोचली कशी? आणि पोहोचली, तर तेथे गाठ येण्याचे कारण काय? या दोन प्रश्नांची उत्तरे समजली, की कोणत्या गाठीकडे शांतपणे पाहायचे आणि कोणती गाठ ताबडतोब डॉक्टरांना दाखवायची, हेही आपोआप समजू लागते. मी भौतिकशास्त्र शिकवतो. औषध सांगणे हे माझे काम नव्हे. पण शरीरातील हा व्यवहार दाब, प्रवाह आणि झडपा यांचाच आहे. तेव्हा आपण तेथूनच सुरुवात करू.

गळणारे नळ

हृदय रक्त ढकलते. ते धमन्यांतून वाहत वाहत अतिशय बारीक केशवाहिन्यांत शिरते. केशवाहिनीची भिंत एकाच पेशीच्या जाडीची असते आणि आत रक्ताचा दाब असतो. पातळ भिंत आणि आतून दाब, म्हणजे थोडे झिरपणे आलेच. रक्तातील पाणी, क्षार, साखर आणि थोडी प्रथिने बाहेर झिरपतात व पेशींच्या भोवती साचतात. पेशींना अन्न मिळते ते याच पाण्यातून. अर्थात हे गळणे शरीराच्या सोयीचेच आहे.

पण गळलेले पाणी परत रक्तात जायला हवे. काही भाग थेट परततो आणि उरलेल्याला वेगळी वाट लागते. ही वाट म्हणजे लसीका वाहिन्या. त्यांत शिरलेल्या पाण्याला लसीका म्हणतात. दिवसाकाठी दोन ते चार लिटर लसीका या वाटेने रक्तात परत येते. मोठ्या माणसाच्या रक्तातील द्रवभाग, म्हणजे प्लाझ्मा, जेमतेम तीन लिटर असतो. यावरून ही वाट बंद पडली तर काय होईल, याचा अंदाज करता येईल. पूर्व विदर्भातील काही जिल्ह्यांत आढळणाऱ्या हत्तीपाय रोगात नेमके हेच घडते. डासांमार्फत शरीरात आलेले धाग्यासारखे कृमी लसीका वाहिन्यांत राहतात, वाहिन्या निकामी होतात आणि पाणी पायातच साचून राहते.

रक्ताला ढकलायला हृदय आहे, लसीकेला हृदय नाही. मग पायातील लसीका वर कशी चढते? तुमच्या गावातील हापसा आठवा. दांडा हलवला की पाणी वर येते आणि झडप ते खाली जाऊ देत नाही. लसीका वाहिन्यांतही थोड्याथोड्या अंतरावर अशा एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. दांड्याचे काम दोघे मिळून करतात: वाहिन्यांच्या भिंती स्वतः आकुंचन पावतात आणि चालताना पोटरीचे स्नायू त्यांना बाहेरून पिळतात. रात्रभर एस. टी.त पाय खाली सोडून बसले, की सकाळी घोट्यापाशी सूज दिसते. पोटरीचा दांडा रात्रभर हललेला नसतो, त्याचा हा परिणाम आहे.

या वाहिन्या माणसाच्या नजरेस उशिराच आल्या, कारण लसीका जवळजवळ रंगहीन असते. २३ जुलै १६२२ रोजी इटलीतील शल्यवैद्य गास्पारे आसेल्ली एका कुत्र्याची चिरफाड करीत होते. कुत्र्याचे नुकतेच खाणे झाले होते. आतड्यांपाशी पांढऱ्या दोऱ्यांचे जाळे दिसले. प्रथम ते मज्जातंतू वाटले. पण एक दोरा कापताच दुधासारखा द्रव बाहेर आला. आतड्यांतून शोषलेली चरबी लसीकेबरोबर निघाली होती, म्हणून ती पांढरी दिसत होती. कुत्रा उपाशी असता, तर कदाचित हे जाळे त्या दिवशी दिसलेच नसते.

नाक्यावर काय चालते?

लसीका थेट रक्तात जात नाही. वाटेत तिला तपासणी नाके लागतात. हे नाके म्हणजेच लसीका ग्रंथी. डॉक्टर त्यांना लिम्फ नोड म्हणतात. घेवड्याच्या दाण्यासारख्या आकाराच्या या ग्रंथी आपल्या शरीरात सुमारे सहाशे आहेत. बहुतेक काही मिलिमीटर लांबीच्या असतात आणि खोल दडलेल्या असतात. मान, काख आणि जांघ येथे मात्र त्या त्वचेखाली घोळक्याने असतात. म्हणून गाठी लागतात त्या बहुधा याच तीन ठिकाणी.

अंगठ्याच्या जखमेत जंतू शिरले, की त्यांतले काही लसीकेबरोबर वाहत निघतात. शिवाय जखमेजवळ पहाऱ्यावर असलेल्या काही पेशी जंतूंचे तुकडे पकडून, ते अंगावर मिरवीत, त्याच वाटेने नाक्याकडे येतात. या पेशींना फांद्यांसारखे फाटे असतात. १९७३ मध्ये राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांनी त्यांचे वर्णन केले आणि त्या शोधाबद्दल स्टाइनमन यांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अंगठ्याची बातमी जांघेत पोहोचवणारे टपालवाले ते हेच.

नाक्यावर त्यांची वाट पाहत असतात लसीका पेशी. हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार आहे. प्रत्येक लसीका पेशी एकाच आकाराचा शत्रू ओळखू शकते, जशी एका कुलपाला एकच किल्ली. त्यामुळे विशिष्ट जंतू ओळखणाऱ्या पेशी शरीरात फारच थोड्या असतात. मग योग्य किल्ली योग्य कुलपापाशी यावी कशी? त्यासाठी या पेशी रक्तातून ग्रंथीत, ग्रंथीतून लसीकेत आणि लसीकेतून पुन्हा रक्तात अशा सतत फिरत असतात. ऑक्सफर्ड येथील जेम्स गोवन्स यांनी १९५० नंतरच्या काळात उंदरांवर प्रयोग करून हे भ्रमण सिद्ध केले. किरणोत्सर्गी खूण केलेल्या पेशी रक्तात सोडायच्या आणि त्या लसीकेत कधी दिसतात ते पाहायचे, असा तो मार्ग होता.

आता ग्रंथी का फुगते ते पाहा. याला तीन कारणे आहेत.

पहिले, धोक्याची सूचना मिळताच ग्रंथीकडे जाणारा रक्तप्रवाह वाढतो आणि अधिक पेशी आत येतात. दुसरे, बाहेर पडण्याचे दार काही काळ जवळजवळ बंद होते. आत येणे चालू, बाहेर जाणे बंद, म्हणजे गर्दी होणारच. तिसरे, ज्या पेशीला आपला शत्रू सापडला ती झपाट्याने विभागू लागते. दर बारा तासांनी संख्या दुप्पट होते असे धरले, तर पाच दिवसांत दहा वेळा दुप्पट होईल आणि एका पेशीच्या १,०२४ पेशी होतील. ग्रंथीभोवती एक पातळ आवरण असते. आतली गर्दी वाढली, की ते ताणले जाते आणि दुखू लागते.

म्हणजे अवधाण हा काही वेगळा रोग नव्हे. नाका चोख काम करीत असल्याची ती खूण आहे. लढाई संपली, की जादा पेशी मरतात, दारे उघडतात आणि दोन-तीन आठवड्यांत गाठ ओसरते. औषधाची गरज असलीच, तर ती अंगठ्याच्या जखमेला असते. जखम साबण-पाण्याने स्वच्छ धुणे आणि वेळेवर धनुर्वाताची लस घेणे, हे गाठीवर लेप लावण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे.

कोणता नाका कोणत्या रस्त्यावर?

प्रत्येक नाक्याचा आपला ठरलेला प्रदेश असतो. म्हणून गाठ दिसली, की पहिला प्रश्न विचारायचा: या नाक्यावर कोठून वाहतूक येते?

डोक्याची मागची बाजू: डोक्याची त्वचा. उवांमुळे खाजवून झालेल्या जखमा, गळवे, नायटा.
कानाच्या पुढे: डोळे, पापण्या, कपाळाची बाजू. डोळे येणे.
जबड्याखाली: दात, हिरड्या, जीभ, घसा. किडलेला दात, सुजलेले टॉन्सिल.
मानेच्या बाजूला: घसा, नाक, कान. सर्दी-पडसे, विषाणूंचे ताप; आणि क्षय.
काख: हात, खांदा, छातीची भिंत, स्तन. हाताच्या जखमा, मांजराने ओरबाडणे, दंडावर घेतलेली लस.
जांघ: पाय, ढुंगण, जननेंद्रिये. पायाच्या जखमा, चिखल्या.
गळपट्टीच्या हाडावरचा खळगा: छाती आणि पोट.

या यादीतील शेवटची ओळ नीट वाचा. पाय, पोट आणि छातीची डावी बाजू यांची लसीका एका मोठ्या वाहिनीतून वर चढते आणि डाव्या गळपट्टीच्या हाडामागे शिरेला मिळते. म्हणून त्या खळग्यात गाठ लागली, तर तिचे कारण खोल छातीत किंवा थेट पोटातही असू शकते. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी एकोणिसाव्या शतकातच जठराच्या कर्करोगाचा आणि या डाव्या गाठीचा संबंध दाखवला होता. नदीच्या मुखाशी गढूळ पाणी दिसले, तर पाऊस कोठे पडला हे वर जाऊन शोधावे लागते. त्यातलाच हा प्रकार. येथील गाठ लहान असली, दुखत नसली, तरीही डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

एका गाठीने हादरलेले शहर

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी काही रुग्ण पाहिले. जोराचा ताप, आणि जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ. हा गाठीचा प्लेग आहे, हे त्यांनी ओळखले. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सिन यांनी अशाच गाठीतून द्रव काढून प्लेगचा जंतू शोधला होता. उंदरावरची पिसू माणसाला चावते, बहुधा पायाला. जंतू लसीकेतून जांघेच्या नाक्यावर येतात. येथपर्यंत सारे अवधाणासारखेच आहे. फरक एवढाच, की हे जंतू नाक्यावरच्या रखवालदारांना पुरून उरतात आणि नाका फोडून रक्तात शिरतात.

पुढच्या काळात रेल्वेच्या प्रवाशांना उतरवून त्यांच्या काखा आणि जांघा तपासल्या जात. त्यातील दांडगाईमुळे लोक चिडले आणि पुण्यात १८९७ साली काय घडले ते तुम्ही इतिहासात वाचले आहे. त्याच वर्षी १० जानेवारीला वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना लागण होऊन, सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावीही गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. आज या रोगावर प्रतिजैविके आहेत आणि वेळेवर दिली तर रुग्ण वाचतो.

यातून घ्यायचा धडा असा: गाठ ही एकच खूण साध्या ठेचेतही असते आणि प्लेगमध्येही. फरक कळतो तो सोबतच्या इतर खुणांवरून. म्हणून नुसती गाठ न पाहता सगळा माणूस पाहायचा असतो.

न दुखणारी गाठ

आपल्या देशात मानेच्या गाठींविषयी बोलताना क्षयाचे नाव घ्यावेच लागते. क्षय म्हणजे फुप्फुसांचा रोग, खोकला आणि थुंकीतून रक्त, एवढेच आपल्या मनात बसलेले असते. पण क्षयाचा जंतू लसीका ग्रंथींतही घर करतो आणि फुप्फुसांबाहेरच्या क्षयाचा हाच सर्वांत नेहमीचा प्रकार आहे. जुने लोक याला गंडमाळ म्हणत. एकामागून एक गाठी वाढतात, एकमेकींना चिकटतात आणि मानेवर माळेसारख्या दिसतात, म्हणून हे नाव पडले.

ही गाठ फसवी असते, कारण ती बहुधा दुखत नाही. न दुखणाऱ्या गोष्टीला कोण विचारतो? आठवड्यांमागून आठवडे जातात, गाठ हळूहळू वाढते. काहींना संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन घटते, रात्री घाम येतो. काहींना यातले काहीच होत नाही. खोकला नसतो, छातीचा एक्स-रेही स्वच्छ येऊ शकतो. म्हणून "खोकला नाही, म्हणजे क्षय नाही" हा तर्क चुकीचा आहे. उपचार न झाल्यास गाठ मऊ पडते, फुटते, महिनोन्महिने वाहत राहते आणि मानेवर कायमचा वण ठेवून जाते.

तो वण पडायला क्षयाच्या जंतूइतकीच आपली लाजही कारणीभूत असते. मुलीच्या मानेला गाठ आली, की ओढणीने झाकायची, बाहेर कोणाला सांगायचे नाही, लोक काय म्हणतील, लग्नाचे कसे होईल, असा विचार अजूनही काही घरांत होतो. या लपवालपवीत जे महिने जातात तेच नेमके मोलाचे असतात. खरे पाहता, क्षय फक्त गाठीतच असेल तर तो खोकल्यातून दुसऱ्याला लागत नाही. ताट-वाटी वेगळी करण्याचे काहीच कारण नाही. सरकारी आरोग्य केंद्रांत तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. साधारण सहा महिने औषधे नियमित घेतली, की बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. औषधे चालू असताना काही जणांची गाठ मध्येच थोडी वाढते किंवा नवी गाठ येते. मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवर शरीर जोरात तुटून पडते, त्याचा हा परिणाम असू शकतो. अशा वेळी औषध आपण होऊन बंद करायचे नाही, डॉक्टरांना दाखवायचे.

आणखी काही कारणे

गोवर, रुबेला आणि इतर विषाणूंच्या तापांत अनेक ठिकाणच्या ग्रंथी एकदम सुजतात. एच. आय. व्ही.च्या संसर्गातही असे होते. संधिवाताचे काही प्रकार आणि फिट्सवरची काही औषधे यांमुळेही गाठी येतात.

क्वचित कारण गंभीर असते. कधी लसीका पेशींचाच कर्करोग होतो. १८३२ मध्ये लंडनचे डॉक्टर थॉमस हॉजकिन यांनी अशा गाठींचे वर्णन केले. त्यातील एका प्रकाराला आजही त्यांचे नाव आहे. तो मुलांना आणि तरुणांनाही होतो. पण आजच्या उपचारांनी त्यातील बहुसंख्य रुग्ण बरे होतात. कधी दुसऱ्या अवयवातील कर्करोगाच्या पेशी लसीकेबरोबर वाहत येऊन नाक्यावर अडकतात. तंबाखू-गुटखा खाणाऱ्याच्या तोंडात न भरणारी जखम असेल आणि जबड्याखाली टणक गाठ असेल, तर एक दिवसही वाया घालवू नये.

प्रत्येक गाठ लसीका ग्रंथीचीच असते, असेही नाही. गालगुंडात सुजते ती कानाखालची लाळग्रंथी. गळ्याच्या मध्यभागी असलेली आणि आवंढा गिळताना वर-खाली होणारी गाठ बहुधा थायरॉइडची असते. त्वचेखाली चरबीच्या मऊ गाठीही येतात.

मोजा, पण दाबत बसू नका

निरोगी मुलांच्या मानेला वाटाण्याहून लहान, सरकणाऱ्या एक-दोन गाठी लागणे अगदी सामान्य आहे. लहानपणी शरीराला रोज नवे जंतू भेटतात आणि दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत हे नाके जोमात असतात. पुढे ते आपोआप लहान होतात. तेव्हा हा लेख वाचून लगेच मान चाचपून घाबरून जाऊ नका.

गाठीचा आकार "छोटी", "मोठी" असा न सांगता मिलिमीटरमध्ये सांगावा. कारण एक साधे गणित आहे. गाठ गोल धरली, तर तिचे आकारमान व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते.

५ मि.मी. (ज्वारीचा टपोरा दाणा): सुमारे ६५ घन मि.मी.
१० मि.मी. (टपोरा वाटाणा): सुमारे ५२४ घन मि.मी.
२० मि.मी. (बोर): सुमारे ४,१८९ घन मि.मी.

म्हणजे व्यास दुप्पट झाला तर आतला माल आठपट झाला. वहीत तारीख घालून आठवड्यातून एकदा माप लिहून ठेवले, तर डॉक्टरांना ती नोंद फार उपयोगी पडते. मात्र दिवसातून दहा वेळा गाठ दाबून पाहू नका. दाबल्याने ती आणखी दुखते आणि सूज उतरायला वेळ लागतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

त्याच दिवशी:
१. श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होत असेल.
२. गाठ लाल, गरम होऊन झपाट्याने वाढत असेल आणि जोराचा ताप असेल.
३. जखमेपासून गाठीच्या दिशेने तांबडी रेघ चढताना दिसत असेल.
४. तापाबरोबर मान ताठ होत असेल किंवा गुंगी येत असेल.

काही दिवसांच्या आत:
५. गाठ गळपट्टीच्या हाडावर असेल, मग ती कितीही लहान असो.
६. गाठ दगडासारखी टणक, न सरकणारी किंवा दोन सेंटिमीटरहून मोठी असेल.
७. कारण नसताना वजन घटत असेल, रात्री घामाने कपडे भिजत असतील किंवा ताप रेंगाळत असेल.
८. शरीरात अनेक ठिकाणी गाठी असतील, किंवा त्वचेवर निळे-जांभळे डाग पडत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल.

दोन ते तीन आठवड्यांनी:
९. बाकी काहीच तक्रार नाही, पण गाठ कमी झालेली नाही. न दुखणाऱ्या गाठीला हा नियम विशेष काटेकोरपणे लावावा.

डॉक्टर काय करतात?

प्रथम ते विचारतात आणि हाताने तपासतात: गाठ कोठे, किती दिवसांची, मऊ की टणक, सरकते की नाही. मग त्या नाक्याचा सगळा प्रदेश पाहतात; म्हणून मानेची गाठ दाखवायला गेलात आणि त्यांनी दात पाहिले, तर आश्चर्य वाटू देऊ नका. गरज पडल्यास सोनोग्राफी करतात. यात साधारण एक कोटी हर्ट्झ वारंवारितेचा ध्वनी वापरतात. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर असतो; म्हणजे तरंगलांबी आली ०.१५ मिलिमीटर. म्हणूनच वाटाण्याएवढ्या ग्रंथीची आतली रचनाही दिसू शकते.

खात्रीचे निदान हवे असेल, तर बारीक सुईने गाठीतील थोड्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि क्षयाच्या जंतूंसाठी वेगळी चाचणीही करतात. कधी पूर्ण ग्रंथी काढून तपासावी लागते. "सुई लावली की गाठ पसरते" अशी भीती पुष्कळांना वाटते. या भीतीपोटी तपासणी टाळण्याने होणारे नुकसान फार मोठे असते. तसेच उरलेली प्रतिजैविके किंवा सूज उतरवणारी स्टेरॉइडची गोळी आपल्या मनाने घेऊ नये. स्टेरॉइडने काही कर्करोगांच्या गाठीही तात्पुरत्या बसतात आणि खरे निदान लांबते.

श्रेय कोणाचे?

लेपाने गाठ गेल्याचे सांगणारी माणसे तुम्हाला भेटतील. ती खोटे बोलत नसतात. लेप लावला आणि दोन आठवड्यांत गाठ गेली, हे दोन्ही खरे असते. पण साधी गाठ दोन-तीन आठवड्यांत आपोआपच जाते. त्या काळात जे काही केले असेल, त्याला श्रेय मिळते. इंग्लंड-फ्रान्समध्ये शेकडो वर्षे अशी समजूत होती, की राजाच्या स्पर्शाने गंडमाळ बरी होते. पुढे इंग्रजी शब्दकोशकार म्हणून गाजलेला सॅम्युअल जॉन्सन अडीच वर्षांचा असताना, १७१२ मध्ये, त्याला राणी ॲनकडे नेऊन तिचा स्पर्श करवला. गाठी काही गेल्या नाहीत. त्यांचे वण त्याच्याजवळ जन्मभर राहिले. ज्यांच्या गाठी आपोआप बसल्या, त्यांनी मात्र राजाचा जयजयकार केला असणार.

उपायाची खरी परीक्षा करायची, तर सारख्या गाठी असलेल्यांचे दोन गट करून एकाला उपाय द्यावा, दुसऱ्याला देऊ नये आणि मग तुलना करावी. प्रयोगशाळेत आपण जो नियम पाळतो, तोच येथेही लागू आहे.

स्वाध्याय

१. गाठीचा व्यास १० मि.मी.वरून १५ मि.मी. झाला. आकारमान किती पट झाले?
२. बाळाच्या डाव्या दंडावर बी. सी. जी.ची लस टोचली. गाठ आलीच, तर ती कोठे येईल?
३. आजोबांच्या मानेला दोन महिन्यांपासून न दुखणारी गाठ आहे. ते म्हणतात, "दुखत नाही ना, मग कशाला डॉक्टर?" त्यांना तुम्ही काय सांगाल?

उत्तरे: १. सुमारे ३.४ पट. २. डाव्या काखेत, लहान गाठ बहुधा आपोआप जाते, मात्र ती वाढली किंवा तिच्यात पू झाला तर दाखवावी. ३. हे उत्तर वहीत लिहू नका. घरात अशी गाठ कोणाला असेल, तर त्यांना घेऊन दवाखान्यात जा.